कोण कुणाला लागतं?

(गुरुजींच्या स्मृतिदिनी वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान. छापताना बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



या व्याख्यानाचं निमंत्रण आलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. इथे प्राध्यापक बोलतात, संपादक बोलतात. मी लग्न होऊन वर्ध्याकडे गेलेली आणि तिथल्या कोर्टात जमिनीचे दावे चालवणारी बाई. माझं वाचन म्हणजे खरेदीखतं, मोजणीचे नकाशे आणि एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या सख्ख्या भावांच्या कैफियती. पण बोलवायला आलेले म्हणाले, "तुम्ही गुरुजींच्या वर्गात होता ना? मग झालं." यावर काय बोलणार?

गुरुजींनी आम्हाला भूगोल शिकवला. भिंतीवर नकाशा टांगायचा, छडीचं टोक कराडवर ठेवायचं आणि विचारायचं, "आपल्याला कोण लागतं?" वर्ग एका सुरात सांगायचा, पाटण लागतं, खटाव लागतं, वाळवा लागतं. एकदा मागच्या बाकावरचा एकजण झोपेतून उठला होता. त्याने प्रश्नाचं शेपूट तेवढं ऐकलं आणि उत्तर दिलं, "मामा." वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत. म्हणाले, "बरोबर आहे. मामा पण लागतो. बस खाली."

त्या 'पण'वर मी आज बोलणार आहे.

हल्ली शाळेच्या पुस्तकांत, स्पर्धा परीक्षांच्या गाईडांत आणि बातम्यांत एक वाक्य सारखं भेटतं: 'भारत सात देशांशी सीमा सामायिक करतो.' मला ते दाताखाली खडा यावा तसं लागतं. सामायिक हा माझ्या धंद्यातला रोजचा शब्द आहे. आमच्याकडे त्याला बहुतेकदा 'सामाईक' लिहितात. सामाईक विहीर, सामाईक भिंत, सातबाऱ्यावरचं सामाईक क्षेत्र. म्हणजे वस्तू दोघांची आहे, तिचे हिस्से पडलेले नाहीत, पाणी उपसायच्या पाळ्या ठरलेल्या आहेत. या अर्थाने भारत आणि चीन यांची सीमा सामाईक आहे का? ती नेमकी कुठून जाते, भांडण तिथेच आहे. शिवाय सामाईक वस्तू बहुधा वारशाने मिळते, 'करावी' लागत नाही. इंग्रजी वाक्यावर कागद ठेवून हे वाक्य गिरवलं गेलं आणि 'सीमा साझा करना' म्हणणाऱ्या हिंदीने त्याला वाटेत सोबत केली.

कुणी 'सीमा वाटून घेतो' असंही लिहितं. हे तर आणखी गमतीचं. वाटणे हे मराठीत दोन तोंडांचं क्रियापद आहे. पेढे वाटले म्हणजे दिले, जमीन वाटली म्हणजे तोडली. ज्या घरात वाटणीचा कागद झाला, त्या घरात त्या दिवशी पेढे वाटलेले मी अजून पाहिले नाहीत.

मग आपण काय म्हणतो? तोंडी मराठीत यासाठी एकच क्रियापद पुढे येतं, लागणे. 'माझ्या शेताला पाटलांचं शेत लागतं.' 'आमच्या गावाला नदी लागते.' 'महाराष्ट्राला गुजरात लागतो.' अगदी साधं, एका दमात बोलता येणारं वाक्य. ते छापायला लाज का वाटावी, मला कळत नाही. कदाचित हा शब्द फार घरगुती वाटत असेल. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, दृष्ट लागते, नोकरी लागते, पैसे लागतात, डोळा लागतो, होडी काठाला लागते. मोल्सवर्थच्या कोशात किंवा दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात 'लागणे' काढून बसलं तर चहा निवतो. मूळ संस्कृतातला 'लग्' धातू, म्हणजे चिकटणे, स्पर्श होणे. त्याच्याच घरातले लगत, लगोलग, सलग, संलग्न आणि लग्न. लग्न या शब्दाचा पहिला अर्थ 'चिकटलेलं' असा आहे, हे घटस्फोटाच्या कामातल्या माझ्या सहकाऱ्यांनी ध्यानात ठेवायला हरकत नाही.

या एवढ्या अर्थांतले दोन मला आज शेजारी ठेवायचे आहेत. एक सीमेचा, दुसरा नात्याचा. 'हा तुला कोण लागतो?' असं आपण विचारतो. 'माझा चुलत मेहुणा लागतो.' विभक्ती तीच, क्रियापद तेच. पण जरा ऐकून बघा, हे क्रियापद आपण कुठल्या नात्याला वापरतो? 'ती माझी आई लागते' असं कुणी म्हणत नाही. म्हटलं तर त्या घरात काहीतरी बिनसलेलं असतं. आई 'असते'. सख्खा भाऊ 'असतो'. चुलत मेहुणा, मावससासरा, बायकोच्या आत्याचा दीर, हे 'लागतात'. जे आपलं आहे त्याला 'आहे' पुरतं. जे आपलं नाही, पण ज्याच्याशी संबंध आहे आणि तो संबंध नाकारता येत नाही, ते 'लागतं'. जमिनीचंही अगदी तसंच. माझं शेत आहे. त्याचं शेत लागतं.

सीमेबद्दल मराठी माणसाला जे कळलेलं आहे ते या एका क्रियापदात आलं आहे, असं माझं मत आहे. मालकी नाही पण नातं आहे, आणि ते निवडून मिळालेलं नाही. मामा निवडता येत नाही, तसा शेतशेजारीही निवडता येत नाही. सामायिक करणाऱ्याने आधी काहीतरी ठरवलेलं असतं. लागणाऱ्याला कुणी विचारलेलं नसतं.

याच्या आजूबाजूची क्रियापदंही ऐकण्यासारखी आहेत. खेटून म्हणजे अंग चोरायला जागा नाही. भिडणे म्हणजे टक्कर. डोंगर आभाळाला भिडतो आणि दोन पैलवानही भिडतात. टेकणे म्हणजे नुसता आधार. एका दाव्यात दोन शेतांचे फक्त कोपरे जुळत होते, बाजू कुठेच जुळत नव्हती. माझा अशील साक्षीच्या पिंजऱ्यात उभा होता. समोरच्या वकिलांनी विचारलं, "म्हणजे त्यांचं शेत तुमच्या शेताला लागतं, बरोबर?" म्हातारा म्हणाला, "लागत नाही जी, टेकते फक्त." न्यायाधीशांनी टंकलेखकाला थांबवलं आणि शब्द जसाचा तसा घ्यायला सांगितला. माझ्या तीस वर्षांच्या वकिलीत मी 'सीमा' या विषयावर इतकं नेमकं वाक्य ऐकलेलं नाही.

लागणारी रेघ स्वतः काय असते, तिला नाव काय, हे मात्र मैलागणिक बदलतं. माहेरी मला बांध होता, सासरी गेले आणि त्याचा धुरा झाला. कोकणात गडगा, गोव्यात मेर. गावाची सीमा असेल तर शीव, आणि तिच्या आतलं सगळं शिवार. हद्द अरबीतून आली, सरहद्द फारसीच्या हाताने. मुंबईतलं शीव हे याच कुळातलं. मुंबई बेट संपून साष्टी सुरू व्हायची ती जागा. इंग्रजांचा मुलूख तिथे संपायचा आणि खाडीपलीकडे पोर्तुगीजांचा सुरू व्हायचा. आता तिथून लोकल भरून माणसं जातात आणि त्यातली निम्मी त्याला सायन म्हणतात. सीमा गेली, नाव उरलं, तेही अर्धवट.

आता जरा माझ्या कागदांकडे येते. कुठलंही खरेदीखत उघडा. मिळकतीचं वर्णन संपलं की येते चतुःसीमा. पूर्वेस अमुक यांचा गट, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस तमुक यांची जमीन, 'येणेप्रमाणे चतुःसीमापूर्वक मिळकत'. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिलेलंच असतं, गट नंबरही असतो, तरी चार बाजूंचे चार शेजारी सांगितल्याशिवाय जमिनीची ओळख पुरी होत नाही. एखादा नवखा अशील विचारतो, "मॅडम, माझ्या जमिनीच्या कागदात त्याचं नाव कशाला?" मी सांगते, तुझी जमीन कुठे संपते हे त्याच्याच नावाने कळतं.

ही पद्धत फार जुनी. राष्ट्रकूट-शिलाहारांच्या ताम्रपटांत दान दिलेल्या गावाच्या चार दिशा अशाच मोजून सांगितल्या आहेत. त्यांना आघाट म्हणत. दान मोडू नये म्हणून शेतात गद्धेगाळ उभा करत. वर चंद्रसूर्य, मध्ये लेख आणि खाली गाढव. दान मोडणाऱ्याच्या आईबद्दलची शिवी दगडात कोरलेली. राजाच्या शिक्क्यापेक्षा शिवीवर भरवसा जास्त असावा. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सीमेच्या वादाचं वेगळं प्रकरणच आहे. शिवेवर वड, पिंपळ, पळस, सावरी अशी ठळक झाडं लावा, आणि जमिनीखाली कोळसा, हाडं, विटा, खापरं अशा न कुजणाऱ्या खुणा पुरून ठेवा, असं ते सांगतं. साक्षीदारांनी डोक्यावर माती घेऊन शपथ घ्यायची. म्हणजे त्या काळीही लोक झाडं तोडत होते आणि साक्षीदार फिरत होते.

मराठेशाहीतले शिवेचे कजिये वाचावेत. निवाड्यासाठी महजर म्हणजे सभा भरायची, दोन्ही गावांचे पाटील-कुलकर्णी बसायचे, शेजारच्या गावांची गोही म्हणजे साक्ष पडायची, आणि काहीच जमलं नाही तर दिव्य. उकळत्या तेलातून किंवा तुपातून धातूचा रवा हाताने काढायचा, हात भाजला नाही तर शीव तुमची. पण दिव्यापर्यंत जाण्याआधी एका माणसाच्या शब्दाला मोठं वजन असे. तो म्हणजे गावचा महार. शीव कुठून जाते हे त्याला ठाऊक. तिची राखण त्याच्याकडे, आणि वाद पडला की ती चालून दाखवायचा मान, म्हणजे जोखीमही, त्याचीच.

इथे मला थांबावं लागतं. गाव कुठे संपतं हे ज्याच्या तोंडून ठरायचं, त्याचं घर मात्र गावकुसाबाहेर. त्याने आखलेल्या रेघेच्या आत सगळा गाव सुखाने राहायचा आणि त्याची सावलीही 'शिवू' द्यायचा नाही. मराठीत शीव आहे आणि शिवणेही आहे, आणि दोन शब्दांमधलं हे अंतर आपण शतकानुशतकं चालवलं. गावकीच्या अशा कामांना बांधून ठेवणाऱ्या महारवतनाच्या जोखडाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं होतं. वतन कायद्याने गेलं ते १९५८ च्या कायद्याने, म्हणजे मधली तीस वर्षं आणि बाबासाहेबांचं आयुष्य संपल्यावर. 'लागणे'मधल्या आपलेपणाचं कौतुक करताना हे विसरलं, तर माझं बोलणं खोटं ठरेल. महारवाडा गावाला लागत होता. गाव त्याला कोण लागत होता?

क्रियापदाचं एक व्याकरण इथे उघडं पडतं. 'माझ्या शेताला त्याचं शेत लागतं', यात मध्यभागी कोण? मी. माझं शेत उभं आहे आणि त्याचं येऊन लागलं आहे. त्याला विचारलं तर तो वाक्य उलटं फिरवील. प्रवासात हे अधिक दिसतं. पुण्याहून साताऱ्याला जाताना शिरवळ 'लागतं', जणू शिरवळ वाटेत येऊन उभं राहिलं. शिरवळकरांना पुणे-सातारा त्यांच्या दारावरून जाताना दिसत असतील. म्हणून हे क्रियापद बोलणाऱ्याची बाजू घेतं. पण यावरचा उतारासुद्धा मराठीनेच काढून ठेवला आहे: बांधाला बांध. शिवेला शीव. भिंतीला भिंत. घराला घर लागून. एकच नाम दोनदा ठेवलं की वाक्यातलं 'माझं' आणि 'त्याचं' गळून पडतं. कोण कुणाला लागतं हा प्रश्नच उरत नाही. खेड्यातल्या माणसाला शेजाऱ्याबद्दल बरं बोलायचं असेल तर तो सहज म्हणतो, 'आमचा बांधाला बांध आहे.' भांडण असलं की लगेच वाक्य बदलतं: 'त्याचा बांध आमच्यात आलाय.'

आणि तो येतोच. बांध कोरणे ही महाराष्ट्रातली एक जुनी कला आहे. नांगराचं तास दरवर्षी चार बोटं पलीकडे न्यायचं. कुणाच्या डोळ्यावर येत नाही. हिशेब सांगते. एक साखळी ३३ फुटांची. ३३ गुणिले ३३, म्हणजे १,०८९ चौरस फूट, हा झाला गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. बांध ६६० फूट लांब असेल आणि तो सगळ्या लांबीभर जेमतेम २० इंच सरकला, तर एक गुंठा गेला. २० इंच म्हणजे बैलाने टाकलेलं एक पाऊल. एका गुंठ्यासाठी दोन पिढ्या कोर्टात आलेल्या मी पाहिल्या आहेत. वकिलाच्या फीत तेवढी जमीन दोनदा विकत आली असती. हे मी फी घेण्याआधी सांगते. कुणी ऐकत नाही.

आमच्याच घरचं सांगते. वडिलांची ठाम समजूत, की चुलतचुलत्यांनी बांध आमच्यात सारला आहे. वीस वर्षं बोलणं नाही. लग्नकार्यात एकमेकांना वाढायचं नाही. मी वकील झाल्यावर मोठ्या उत्साहाने हद्दकायम मोजणीचा अर्ज टाकला. लगतधारकांना नोटिसा गेल्या. 'लगतधारक', पाहा, सरकारी भाषेनेही शेवटी आमचंच क्रियापद उचललं. भूकरमापक आला, जुनं टिपण काढलं, गाडलेला दगड शोधला. तो निघाला आमच्या बाजूला, चार पावलं आत. म्हणजे बांध सरकला होता, पण तो आमच्याच आजोबांच्या नांगराने. वडील बांधावर बसले. बराच वेळाने चुलते त्यांच्या शेजारी येऊन बसले आणि त्यांनी तंबाखूची पिशवी पुढे केली. जमीन परत मागितली नाही. बोलणं मात्र सुरू झालं. मोजणीचा तो नकाशा मी अजून जपून ठेवला आहे, पण कुणाला दाखवत नाही.

नुसतं 'लागतं' एवढ्यावर कायद्याने हक्कही दिले आहेत. आपल्याकडे १९४७ चा तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा आहे. जमिनीचा तुकडा विकायचा तर तो लगतच्या जमीनमालकाला, असं त्याचं सूत्र. त्यात आता सवलती येत आहेत, तरी मूळ विचार ध्यानात घ्या. जो लागतो त्याच्यात मिसळलं तरच तुकडा तुकडा राहत नाही. मुस्लिम कायद्यातल्या शुफ्यात शेजाऱ्याला आधी विकत घेण्याचा हक्क होता. पण निव्वळ शेजारपणावर उभा असलेला असा हक्क घटनेत बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये ठरवलं. महसूल संहितेचं कलम १४३ मात्र रोज वापरात आहे. आपल्या शेतात जायला वाट नसेल तर दुसऱ्याच्या बांधावरून वाट मागता येते आणि तहसीलदार ती ठरवून देतो. बांध हे भांडणाचं मूळ आणि चालण्याची वाटही. त्याच्यावर एका वेळी एकालाच चालता येतं, एवढीच अडचण.

शेतापुरतं जे खरं, ते राज्यांनाही लागू होतं. इथल्या अनेकांनी सीमालढा पाहिला आहे, काहींनी तुरुंगही. १९५६ मध्ये राज्यं नव्याने आखली, आणि बेळगाव, कारवार, निपाणी, भालकीचा मराठी मुलूख पलीकडे राहिला. पुढे महाराष्ट्राने एका मराठी माणसाचंच सूत्र धरून ठेवलं. हरि विनायक पाटसकर यांनी आंध्र आणि मद्रास यांच्या वादात ते वापरलं होतं: खेडं हा घटक, भाषिक बहुसंख्या आणि भौगोलिक सलगता. सलगता! म्हणजे मराठी गाव मराठी मुलखाला 'लागून' असलं पाहिजे. मध्ये दुसरं गाव आलं की दावा ढिला पडतो. या सीमावादासाठी महाजन आयोग १९६६ मध्ये नेमला गेला. पुढच्या वर्षी अहवाल आला आणि महाराष्ट्राने तो नाकारला. ८६५ गावांवरचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. अशिलाला मी म्हणते, दिवाणी दावा म्हणजे नातवासाठी लावलेलं आंब्याचं झाड. सीमाभागातल्या तिसऱ्या पिढीला हे सांगायचं माझं धाडस नाही.

चंद्रपूरच्या जिवती तालुक्यात महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघेही ज्यांवर हक्क सांगतात अशी गावं आहेत. त्यातल्या महाराजगुड्यात एका घराच्या मधोमध सीमा जाते. काही खोल्या इकडे, काही तिकडे. अशा घरात कोण कुणाला लागतं? स्वयंपाकघर माजघराला लागतं, एवढंच. नवापूरच्या रेल्वे स्टेशनात फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातमध्ये. पण गाडी लागते ती अख्ख्या फलाटाला.

माझं आवडतं उदाहरण तेरेखोलचं. गोव्याची उत्तर सीमा म्हणून आपण ज्या नदीकडे बोट दाखवतो, तिच्या पलीकडच्या तीरावर तेरेखोलचा किल्ला आणि ते लहानसं गाव आहे. राज्य गोवा, पण गोव्याला ते पाण्याने लागतं. जमिनीने लागतं ते सिंधुदुर्गाला. केरीहून तरीत बसून जायचं आणि उतरल्यावर पुढे चालत राहिलं की महाराष्ट्र. नकाशात रंग गोव्याचा, पायाखाली वाट सावंतवाडीकडची. हा प्रश्न गुरुजींनी वर्गात टाकला असता तर छडीचं टोक बराच वेळ हलत राहिलं असतं.

आणि ते सात देश? त्यातला सातवा अफगाणिस्तान. केंद्र सरकारच्या यादीत त्याच्याशी आपली १०६ किलोमीटरची सीमा आहे, वर गिलगिटच्या पलीकडे, वाखानच्या पट्टीला. तो भाग फाळणीपासून पाकिस्तानच्या ताब्यात आहे. आपला एकही शिपाई तिथे उभा राहून पलीकडच्या अफगाणाला पाहत नाही. मग अफगाणिस्तान भारताला लागतं का? दिवाणी वकील म्हणून माझं उत्तर तयार आहे: हक्काने लागतं, वहिवाटीने लागत नाही. 'सामायिक करतो' म्हटलं की हा भेद सांगायला जागाच उरत नाही. तिथे सामायिक करणार कोण आणि कुणाबरोबर?

देशांवरून पुन्हा शब्दाकडे येते. वैदिक शब्दांचा अर्थ सांगणाऱ्या यास्काने निरुक्तात 'सीमा' या शब्दाची जी फोड केली आहे, तिने मला बरेच दिवस झोपू दिलं नाही. तो तिचा संबंध 'सीव्' धातूशी लावतो, म्हणजे कपडा शिवण्याशी. दोन प्रदेशांच्या मधली शिवण, ती सीमा. ही व्युत्पत्ती शास्त्राला किती मान्य आहे हे पंडितांनी पाहावं. पण शिवण काय करते ते ज्या बाईने गोधडी शिवली आहे तिला विचारा. टाका पडतो तिथेच दोन तुकडे वेगळे आहेत हे दिसतं, आणि टाका उसवला तर गोधडी राहत नाही. आपल्या रूढींनाही हे माहीत होतं. लग्नात वर वधूच्या गावाच्या शिवेवर आला की सीमांतपूजन, आत येण्याआधी तिथेच पाय धुवायचे. दसऱ्याला सीमोल्लंघन. पटकी आली की मरीआईचा गाडा ढकलत शिवेपार करायचा. मग पुढचं गाव तो त्याच्या पुढच्या गावात ढकलायचं. तो गाडा शेवटी कुठल्या गावात थांबायचा, हे मला कुणी सांगितलेलं नाही. रोगसुद्धा शिवेला शीव लागून जात होता.

माझं बोलणं संपत आलं. पाठ्यपुस्तकं लिहिणारे, बातम्या लिहिणारे, भाषांतर करणारे कुणी इथे असतील तर त्यांना एकच सांगते. पुढच्या वेळी 'सीमा सामायिक करतो' लिहायला हात उचलला की खोडून 'लागतो' लिहून बघा. वाक्य लहान होईल आणि जागा वाचेल. 'नेपाळ भारताला लागून आहे' एवढं पुरेसं आहे. त्यात कुणी काही सामाईक केलेलं नाही, कुणी काही वाटून घेतलेलं नाही, आणि नातं मात्र आलं आहे.

बाकीच्यांना माझ्या धंद्याची एक विनंती. घरी गेल्यावर पेटीतलं जुनं खरेदीखत काढा आणि चतुःसीमेतली चार नावं वाचा. ती माणसं बहुतेक वारलेली असतील. काहींची जमीन विकली गेली असेल, ओढा बुजवून रस्ता झाला असेल. आज पूर्वेला, पश्चिमेला, दक्षिणेला, उत्तरेला खरोखर कोण लागतं ते विचारून घ्या आणि एका वेगळ्या कागदावर लिहून त्याच पेटीत ठेवा, मूळ दस्तावर शाई लावू नका. मोजणीची नोटीस त्या चौघांना जाते. त्यांचे आजचे पत्ते तुमच्याकडे नसले तर मोजणीच लांबते.